डबल दिसायलंय? डोळा हलवणारी नस लुळी पडली तर काय करायचं, पहिल्या तासापासून सहा महिन्यांपर्यंत

दिवाळीच्या सुट्ट्या संपून शाळा सुरू झाली त्याच आठवड्यातली गोष्ट. मी जिंतूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, रोज मोटरसायकलनं जाणं-येणं. सकाळी येलदरी रोडला समोरून उसाचा ट्रॅक्टर यायलता अन् मला दोन ट्रॅक्टर दिसायलते, एकाला एक खेटून, त्यातला खरा कोणता तेच कळंना. गाडी कडंला घेतली, डोळे चोळले, तोंडावर पाणी मारलं, तरी तेच. मग सहज एक डोळा हातानं झाकला तर सगळं एकच, हात काढला की परत दोन. कसाबसा हळूहळू शाळेत पोचलो, तर पोरं म्हणली सर तुमचा उजवा डोळा नाकाकडं वळलाय.

पुढं कळलं की उजव्या डोळ्याची सहावी नस लुळी पडली होती, कारण शुगर. आज डोळा पूर्ण बरा आहे. पण सुरुवातीचे तीन दिवस वाया गेले, कारण पहिल्या दवाखान्यात कमजोरी म्हणून ताकदीच्या गोळ्या अन् डोळ्यात टाकायचे थेंब देऊन घरी पाठवलं होतं. आणि घरचे म्हणायलते वारं गेलंय, उतारा टाकू. माझ्या बाबतीत तीन दिवसानं काही बिघडलं नाही, पण दुसऱ्या एखाद्याचं त्या तीन दिवसात सगळंच बिघडू शकतं, म्हणून हे इतकं सविस्तर लिहायलोय. मी डॉक्टर नाही, पण चार महिने हेच भोगलंय, न्यूरोवाल्या डॉक्टरांना शंभर प्रश्न विचारलेत अन् त्यांनी न कंटाळता उत्तरं दिलीत.

आधी घरीच दोन मिनिटात एवढं बघा

डबल दिसायलंय म्हणल्यावर पहिलं काम, एक डोळा झाका. मग तो उघडा ठेवून दुसरा झाका. कोणताही एक झाकल्यावर जर एकच दिसत असंल तर डोळ्याचा काचभाग ठीक आहे, पण दोन्ही डोळे एका रेषेत चालंनात, म्हणजे प्रश्न नसांचा, स्नायूंचा किंवा मेंदूकडचा. आणि एक डोळा झाकूनही उरलेल्या डोळ्याला सावली पडल्यासारखं दोन दिसत असंल तर बहुतेक मोतीबिंदू, चष्म्याचा नंबर नाहीतर कोरडा डोळा असतो, त्यासाठी डोळ्यांचा डॉक्टर गाठा पण धावपळ करायची गरज नसते.

नंतर बघा की दोन चित्रं शेजारी-शेजारी आहेत का वर-खाली. लांबचं जास्त डबल दिसतं का जवळचं. कोणत्या बाजूला बघितल्यावर अंतर वाढतं. हे कागदावर लिहून ठेवा, दवाखान्यात गेल्यावर घाबरून आठवत नाही आणि डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात.

मग घरातल्या दुसऱ्या माणसाला दोन गोष्टी बघायला लावा. पापणी खाली पडली का? आणि दोन्ही डोळ्यांच्या काळ्या बाहुल्या सारख्या आहेत का? जरा अंधाऱ्या खोलीत बसवा, मोबाईलचा टॉर्च बाजूनं एकेका डोळ्यावर आणा, बाहुली बारीक व्हायला पाहिजे. एक बाहुली मोठीच राहिली, उजेडाला बारीक होईना, अन् त्याच डोळ्याची पापणी पडलेली, तर पुढचं वाचत बसू नका, गाडी काढा. का ते खाली सांगतो.

थांबायचंच नाही अशा गोष्टी

डबल दिसण्यासोबत यातलं एकही असंल तर त्याच तासाला मोठा दवाखाना, स्वतःची सोय नसंल तर १०८ ला फोन: आयुष्यात कधी झालं नाही असं एकदम जोरात डोकं दुखणं, बोबडी वळणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूच्या हातापायातली ताकद जाणं, चालताना तोल जाणं, गिळता न येणं, ताप अन् मान आखडणं, सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखून उलट्या, डोळा लाल होऊन बाहेर येणं. बोलणं, तोल, हातपाय याचं काही असलं तर तो मेंदूचा अटॅक असू शकतो, आणि रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणून "सकाळी बघू" हा शब्दच काढायचा नाही.

अजून एक, आपल्याकडं शेतात-वस्तीवर राहणाऱ्यांसाठी. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटं पोट दुखतंय म्हणून उठला, अन् दोन्ही पापण्या जड, डोळे उघडंनात, डबल दिसायलंय, घास गिळंना, तर मण्यार चावल्याचा संशय धरा. मण्यारीचा दंश दुखत नाही, सुजत नाही, कधीकधी खूणही सापडत नाही. ही नस लुळी पडण्याची केस नाही, विषानं नसांकडून स्नायूंना जाणारा निरोपच अडतो, आणि त्याला सर्पविषाची लस अन् लागला तर व्हेंटिलेटर एवढाच इलाज आहे. मांत्रिकाकडं, देवळात नेऊ नका, हात जोडून सांगतो.

शुगर खूप वाढलेल्या माणसाला गाल सुजून नाकातून काळपट घाण यायली अन् डोळा हलंना झाला तर ती काळी बुरशी. २०२१ मध्ये कोरोनानंतर आपण सगळ्यांनी म्युकरमायकोसिसचं नाव ऐकलं, ती कोरोनाबरोबर संपलेली नाही, शुगर हाताबाहेर गेलेल्या माणसाला ती आजही होते. त्यात एकेक तास महत्त्वाचा.

कोणती नस, काय करते

मेंदूतून निघणाऱ्या १२ जोड्यांपैकी तिसरी, चौथी आणि सहावी या तीन नसा डोळा हलवतात. एका डोळ्याला हलवणारे सहा स्नायू असतात. सहाव्या नसेकडं एकच काम, डोळा कानाच्या बाजूला वळवायचा. ती गेली की डोळा नाकाकडं ओढला जातो, चित्रं शेजारी-शेजारी दोन दिसतात, लांब बघताना जास्त. भाकरी ताटात एकच दिसायची अन् वर्गात शेवटच्या रांगेतली पोरं डबल, हे मला आधी अजब वाटायचं, नंतर कळलं सहाव्याचं असंच असतं, कारण जवळ बघताना डोळे तसेही आत वळलेले असतात.

चौथी नस सगळ्यात बारीक, आणि मेंदूच्या देठातून मागच्या बाजूनं निघणारी एकटी हीच, म्हणून कवटीच्या आत तिला लांबचा वळसा पडतो. डोक्याला मार लागला की ही आधी दुखावते. हिच्यात चित्रं वर-खाली अन् जरा तिरपी दिसतात, जिना उतरताना, वाचताना जास्त त्रास. माणूस नकळत डोकं दुसऱ्या खांद्याकडं कलतं ठेवतो. माझा भाचा हेल्मेट न घालता गाडीवरून पडला, डोक्याला फक्त टेंगूळ, सीटी नॉर्मल, पण चार दिवसांनी म्हणाला मामा पायऱ्या दोन दोन दिसायल्यात. चौथी नस. काही लोकांना ही कमजोरी जन्मापासून असते अन् चाळिशीत उघडी पडते, अशा माणसाचे शाळेतले जुने फोटो काढले तर सगळ्यात मान एकाच बाजूला कललेली सापडते. म्हणून डॉक्टरांनी जुने फोटो मागितले तर नवल वाटून घेऊ नका, लग्नाचा अल्बम घेऊन जा.

तिसरी नस सगळ्यात मोठी मालकीण, बाकीचे चार स्नायू तिच्याकडं, पापणी वर धरणं तिच्याकडं, बाहुली बारीक करणंही तिच्याकडं. ती पूर्ण गेली की पापणी पडते अन् उचलून बघितलं तर डोळा बाहेर-खाली गेलेला. आणि बाहुलीची गोष्ट इथंच येते. बाहुलीचे धागे या नसेच्या वरच्या पृष्ठभागावरून जातात. बाहेरून काही दाबलं की आधी तेच दबतात. मेंदूच्या तळाशी रक्तवाहिनीला जो फुगा येतो, अॅन्युरिझम म्हणतात त्याला, तो नेमका या नसेला खेटून असू शकतो, अन् तो फुटला तर माणूस हाताशी राहील का नाही सांगता येत नाही. उलट शुगरनं तिसरी नस गेली तर नुकसान नसेच्या आतल्या भागात होतं अन् बाहुली बहुतेक वेळा शाबूत राहते. पण याचा अर्थ बाहुली बरोबर आहे म्हणून निवांत बसा असा नाही, कारण फुग्यामध्येही सुरुवातीला पापणी आधी पडून बाहुली दोन-चार दिवसांनी मोठी होऊ शकते. म्हणून पहिला आठवडा रोज टॉर्च मारून बघायचं, आणि डोक्याच्या रक्तवाहिन्यांचा सीटी किंवा एमआर अँजिओ डॉक्टरांनी सांगितला तर पैशाचा हिशोब नंतर करायचा. आमच्या ओळखीतल्या एका मावशींची पापणी पडली होती, कोणीतरी लकवा म्हणून मालिश सांगितली होती, पण लेकीनं हट्ट धरून नेलं अन् फुगा फुटायच्या आत सापडला. आज त्या नातवंडं सांभाळायल्यात.

दुखण्यावरून मात्र काही ठरवू नका. शुगरच्या केसमध्येही भुवईजवळ चांगलं ठणकतं, मला पहिले पाच-सहा दिवस दुखत होतं.

असं होतं कशानं

पन्नाशीच्या पुढचा माणूस, शुगर किंवा बीपी, तंबाखू-बिडीची सवय, एकच नस गेलेली, बाकी सगळं ठीक, यात सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण म्हणजे नसेला रक्त पुरवणारी केसासारखी बारीक वाहिनी बंद पडणं. मला डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा डोळ्यासमोर आमचं ठिबक आलं. मोटर चालू, मेन पाइप भरलेला, सगळ्या ओळी ओल्या, पण एका नळीचं छिद्र क्षारानं बुजलं की तेवढंच झाड माना टाकतं. मेंदूला काही झालेलं नसतं, एका नसेचं पाणी तुटलेलं असतं. आणि झाड मेलेलं नसतं, म्हणून ते परत उभं राहतं. माझी तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी शुगर, एचबीए१सी, १०.२ निघाली. दोन वर्षं तपासलीच नव्हती, गोळी चालू आहे म्हणजे शुगर ताब्यात आहे असं धरून चाललो होतो.

दुसरं मोठं कारण अपघात. तिसरं, डोक्यातलं प्रेशर वाढणं. सहावी नस मेंदूच्या देठातून निघून हाडावरून वर चढते अन् एका अरुंद बोळातून वळते, त्यामुळं कवटीतलं प्रेशर वाढलं की ती ताणली जाते. मग कारण कुठलंही असो, गाठ असो, पाणी साठलेलं असो, टीबीचा मेंदूज्वर असो, आधी तक्रार करणारी ही असू शकते. टीबीचा मेंदूज्वर एका दिवसात येत नाही, दोन-तीन आठवडे बारीक ताप, भूक नाही, डोकं दुखणं, चिडचिड, आणि मग डोळा तिरळा. लेकराला असं झालं तर "नजर लागली" म्हणून दिवस काढू नका.

बाळंतिणीचं वेगळं सांगतो. आपल्याकडं बाळंतिणीला पाणी कमी द्यायची पद्धत आहे, गार होईल म्हणून. बाळंतपणानंतर रक्त तसंही घट्ट होण्याकडं झुकलेलं असतं, त्यात पाणी कमी पडलं तर मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरेत गाठ होऊ शकते. सतत डोकं दुखतंय, उलट्या, डबल दिसतंय, झटका आला, असं काहीही बाळंतिणीला झालं तर मेंदूच्या शिरांचा स्कॅन लागतो, आणि वेळेत कळलं तर रक्त पातळ करायच्या औषधानं बहुतेक जणी बऱ्या होतात. पाठीत इंजेक्शन देऊन सिझर झालेल्या एखाद्या बाईला काही दिवसांनी डबल दिसू लागतं ते वेगळं, ते पाठीतलं पाणी झिरपून प्रेशर कमी झाल्यानं, क्वचित होतं अन् बहुतेक आपोआप जातं, पण कोणतं काय हे घरी बसून ठरत नाही.

लेकरांमध्ये व्हायरल तापानंतर सहावी नस तात्पुरती जाते, तसंच कान फुटून पू येत असंल अन् त्याच बाजूचा चेहरा दुखून डोळा आत वळला तर कानाचं इन्फेक्शन आतल्या हाडापर्यंत गेलेलं असू शकतं. कान फुटणं आपण फार हलक्यात घेतो. पण लेकरात गाठ नाही ना, हे आधी बघावंच लागतं, म्हणून लहान पोरांना स्कॅनशिवाय सोडत नाहीत.

आणि काही वेळा नस चांगली असते, दुखणं दुसरंच असतं. सकाळी डोळे ठीक अन् संध्याकाळपर्यंत पापणी पडते, डबल दिसतं, झोप झाली की परत बरं, असं वर-खाली होत असंल तर मायस्थेनिया असू शकतो, म्हणजे नसेचा निरोप स्नायूपर्यंत नीट न पोचण्याचा आजार. त्यासाठी सकाळ-संध्याकाळ एकाच जागी उभं राहून फोटो काढा, ते फोटो डॉक्टरांना लई कामाला येतात. पडलेल्या पापणीवर दोन मिनिटं बर्फाची पिशवी ठेवून पापणी वर येते का ते दवाखान्यात बघतात. थायरॉइडमध्येही डोळ्याचे स्नायू सुजून डबल दिसतं.

दवाखान्यात काय काय होतं

आधी फिजिशियन किंवा डोळ्यांचे डॉक्टर, मग न्यूरो. खाजगीत परवडत नसंल तर छत्रपती संभाजीनगरचं घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, लातूर अन् नांदेडचं शासकीय मेडिकल, इथं मेडिसिन अन् नेत्र दोन्ही विभाग एका जागी भेटतात. भरती व्हायची किंवा ऑपरेशनची वेळ आली तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते आधीच आरोग्यमित्राला विचारा, रेशनकार्ड अन् आधार सोबत ठेवा.

सोबत न्यायचं: आधीचे शुगर-बीपीचे कागद, चालू गोळ्यांची पाकिटंच (नावं आठवत नाहीत), आणि तो घरी लिहिलेला कागद. डॉक्टर बोटाच्या मागं डोळा फिरवायला लावतील, पडद्याची तपासणी करतील, ती थेंब टाकून बाहुली मोठी करून होते. एक लक्षात ठेवा, बाहुली आधी बघून घ्या अन् मगच थेंब टाका असं नम्रपणे आठवण करून द्यायला हरकत नाही, कारण थेंबानंतर चार-सहा तास बाहुलीवरून काहीच कळत नाही. पडद्यामागची नस सुजलेली दिसली तर डोक्यातलं प्रेशर वाढलंय म्हणून पुढची पळापळ.

रक्तात शुगर, एचबीए१सी, कोलेस्टेरॉल, अन् अंगातली सूज दाखवणाऱ्या ईएसआर, सीआरपी या तपासण्या. साठीच्या पुढच्या माणसाला चावताना जबडा दुखतो का, कानशील हात लावलं तरी दुखतं का, हे विचारतील, तो रक्तवाहिन्यांच्या सुजेचा आजार आपल्याकडं कमी आहे पण सुटला तर नजर जाते. एमआरआय कोणाला लगेच करायचा यावर डॉक्टरांचं मत वेगवेगळं असतं. पन्नाशीच्या आतला माणूस, लेकरू, एकापेक्षा जास्त नसा, आधी कॅन्सर झालेला, शुगर-बीपी काहीच नाही, अशांना लगेच. शुगरवाल्या म्हाताऱ्या माणसाला फक्त सहावी किंवा चौथी नस गेली असंल तर काही डॉक्टर वाट बघतात. मी करून घेतला अन् चांगलं केलं असं मला वाटतं, कारण रिपोर्ट नॉर्मल आल्यावर तीन महिने धीर धरता आला. औषध टोचून एमआरआय असंल तर आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्त तपासणी, लागतं. आणि नुसती फिल्म घेऊ नका, सीडीही मागून घ्या, दुसऱ्या शहरात दाखवताना तीच लागते.

मग सुरू होतं थांबणं

हा भाग सगळ्यात अवघड आहे, आणि याच्याबद्दल कोणी काही सांगत नाही. बारीक वाहिनी बंद पडून गेलेली नस बहुतेक लोकांची आपोआप बरी होते, सुधारणा पहिल्या चार-सहा आठवड्यात दिसू लागते, तीन महिन्यांपर्यंत बहुतांश काम होतं, काहींना सहा महिने लागतात. अपघाताच्या केसला वेळ जास्त अन् खात्री कमी, भाच्याला साडेपाच महिने लागले. ती नस लवकर बरी करणारी गोळी नाही. व्यायामानंही नस लवकर उगवत नाही, पेन्सिल नाकापाशी आणायचा व्यायाम मला तिघांनी सांगितला, डॉक्टर म्हणले त्यानं फक्त डोकं दुखंल. बी१२ च्या गोळ्या-इंजेक्शनचा फायदा बी१२ कमी असेल तरच, मात्र शुगरची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी१२ कमी होऊ शकतं, तेवढं तपासून घ्या. आणि स्टेरॉइड कोणाच्या सांगण्यावरून घेऊ नका. ते काही विशिष्ट कारणांसाठीच असतं, अन् शुगरवाल्याची शुगर त्यानं भडकते, म्हणजे ज्यानं नस गेली तेच वाढवायचं. कांद्याचा रस, एरंडेल, दूध, डोळ्यात काहीही टाकायचं नाही.

डबल दिसणं थांबवायला एक डोळा झाकणं हाच सगळ्यात सोपा उपाय. मोठ्या माणसानं कोणताही झाकला तरी नजर कमी होत नाही, ही भीती मलाही होती. पण दुखणाऱ्या बाजूचा झाकला तर गरगर कमी होते. चांगला झाकून आजाऱ्याकडून बघितलं तर वस्तू असते एकीकडं अन् हात जातो दुसरीकडं, चहाचा कप धरताना मला हे दोनदा झालं. कापसाचा बोळा लावून चिकटपट्टीनं डोळा दाबून बंद करू नका. साध्या बिननंबरच्या चष्म्याच्या एका काचेला आतून दुधी चिकटपट्टी लावा, बस्स. सहाव्यात अर्धी काचही पुरते, उजवी नस गेली असंल तर उजव्या काचेची फक्त कानाकडची बाजू झाकायची, म्हणजे डावीकडं बघताना दोन्ही डोळे चालतात अन् उजवीकडं बघितलं की तो डोळा आपोआप बंद. हे कळल्यावर माझे अर्धे हाल संपले. लेकराचा डोळा मात्र स्वतःच्या मनानं कधीच झाकायचा नाही, सात-आठ वर्षांपर्यंत नजर घडत असते अन् सारखा झाकलेला डोळा आळशी होतो, कोणता, किती तास, हे डॉक्टरच सांगणार.

प्रिझमचा स्टिकर मिळतो, फ्रेस्नेल प्रिझम म्हणतात, पातळ प्लास्टिकची पट्टी पाण्यानं ओली करून चष्म्याच्या काचेला चिकटते. समोर बघताना दोन चित्रं एकावर एक येतात. नजर थोडी धुरकट होते पण दोन्ही डोळे वापरता येतात. तालुक्याच्या चष्म्याच्या दुकानात भेटला नाही, मोठ्या शहरातून मागवावा लागला. नस बरी होत जाते तसा नंबर बदलतो, म्हणून पक्का काचेचा प्रिझम एवढ्या लवकर करून पैसे घालवू नका.

मोजायचं कसं, हे माझं घरगुती पण कामाचं. भिंतीवर ठळक उभी रेघ मारली, तिच्या दोन्ही बाजूंनी दर ५ सेंटिमीटरवर १, २, ३ असे आकडे लिहिले, बरोबर १० फुटांवर खुर्ची. दर रविवारी सकाळी खुर्चीत बसून, मान सरळ, मधल्या रेघेकडं बघायचं अन् खोटी रेघ कोणत्या आकड्यावर पडते ते वहीत लिहायचं. तिसऱ्या आठवड्यात ९ वर, म्हणजे ४५ सेंटिमीटर लांब. चौथ्यातही ९. त्या रविवारी रात्री मी झोपलो नाही. पाचव्यात ७, सातव्यात ४, संक्रांतीच्या सुमारास २, आणि जानेवारी संपता संपता समोर बघताना एकच रेघ. रोज आरशात बघून काही कळत नाही अन् मन खचतं, आठवड्याचा आकडा मात्र खरं सांगतो. सोबत बायको मोबाईलवर वर, खाली, डावीकडं, उजवीकडं बघतानाचे फोटो काढायची, डॉक्टरांनी ते एकेक करून बघितले.

या काळात मोटरसायकल, ट्रॅक्टर, काही चालवायचं नाही. एक डोळा झाकला म्हणजे चालतं असं लोक म्हणतात, पण एका डोळ्यानं अंतराचा अंदाज येत नाही, नुकता झाकलेल्या माणसाला तर अजिबात नाही. कडबाकुट्टी, विहिरीचा काठ, विळा-कोयता, उकळतं तेल, यापासून लांब. मी तीन महिने एसटीनं अन् सहकारी शिक्षकांच्या गाडीवर गेलो. जिना उतरताना कठड्याला हात. चहा ओतताना भांड्याची कड कपाला टेकवून ओतायचा. मान सारखी वळवून बघायची सवय लागते, माझी उजवीकडं वळलेली असायची, त्यानं मान आखडते, संध्याकाळी गरम पाण्याचा शेक घेत जा. आणि ज्यांना काही वेळ काहीच सुचंना त्यांनी दोन्ही डोळे मिटून पडून राहावं, त्यात कमीपणा नाही, मेंदू दिवसभर दोन चित्रांशी भांडून थकलेला असतो.

शुगरचं म्हणाल तर नस गेली म्हणून चार दिवस कडक पथ्य अन् मग हुरडा पार्टी, असं चालत नाही. मला इन्सुलिन सुरू झालं. गुळाचा चहा सोडणं सगळ्यात जड गेलं, तंबाखू त्याहून जड. शुगर एकदम खाली पडूनही धोका असतो, म्हणून उपाशीपोटी इन्सुलिन घेऊन देवदर्शनाला पायी निघू नका. चार महिन्यांनी सरासरी ७.१ वर आली.

ठरल्याप्रमाणं होत नसेल तर

तीन महिन्यांत काहीच फरक नाही, किंवा आधी सुधारून परत बिघडलं, किंवा दुसरी नस, दुसरा डोळा, चेहऱ्याला बधिरपणा असं नवीन काही जोडलं, तर "शुगरचंच असंल" हे धरून बसायचं नाही, परत स्कॅन. तिसऱ्या नसेत अजून एक खूण आहे, डोळा नाकाकडं किंवा खाली नेला की पडलेली पापणी अचानक वर उचलली जाते. धागे चुकीच्या जागी जोडले गेले की असं होतं, अन् ते शुगरमध्ये होत नाही, दाब किंवा मार यात होतं, त्यामुळं ते दिसलं तर शोध पुन्हा सुरू करावा लागतो.

वाट बघण्याच्या काळात आतल्या बाजूचा स्नायू आखडत चालला असंल तर काही ठिकाणी त्यात बोट्युलिनमचं इंजेक्शन देतात, दोन-तीन महिने तो सैल राहतो. सुरकुत्यांसाठी जे नाव ऐकलंय तेच हे, आणि अमेरिकेत १९८९ मध्ये त्याला परवानगी मिळाली ती सुरकुत्यांसाठी नाही, तिरळेपणा अन् पापण्या गच्च मिटण्याच्या आजारासाठी. ऑपरेशनचा विचार सहा महिन्यांनंतर, अन् तोही मोजमाप काही महिने एकाच जागी थांबलं असंल तरच. घाई करून केलं अन् नंतर नस बरी झाली तर डोळा उलट्या बाजूला जाईल. ऑपरेशन नस जोडत नाही, स्नायूंची जागा बदलून समोर अन् खाली वाचताना एकच दिसावं एवढं साधतं, कडेला बघताना डबल राहू शकतं. हे आधी डॉक्टरांकडून नीट समजून घ्या म्हणजे नंतर फसवलं असं वाटणार नाही.

परत गाडीवर बसायच्या आधी मी डॉक्टरांची परवानगी घेतली अन् तरी सरळ रोडला गेलो नाही. शाळेच्या मैदानावर चार दिवस फिरवली, वळताना उजवीकडं बघितलं की डबल होतं का ते बघितलं, संध्याकाळी थकल्यावरही बघितलं, कारण थकवा आला की शेवटचा उरलासुरला दोष वर येतो. महाशिवरात्रीला औंढ्याला जाऊन आलो, दिवसा अन् हेल्मेट घालून.

हे परत होऊ शकतं, त्याच डोळ्याला किंवा दुसऱ्या, शुगरवाल्यांना जास्त. म्हणून दुधी पट्टी लावलेला तो चष्मा मी फेकला नाही, गाडीच्या डिक्कीत आहे. भिंतीवरची रेघ अन् आकडे बायकोनं रंग देताना तसेच ठेवलेत, महिन्यातून एकदा खुर्ची टाकून बसतो.